बाल्टिकचे ओगलेकाका

आमच्या कारखान्यात परदेशी जाऊन आलेली माणसं वीस-पंचवीस तरी होती, आणि त्या प्रत्येकाची एकेक वस्तू सगळ्या रांझी वस्तीत प्रसिद्ध होती. कुणाचा रेडिओ, कुणाचा कॅमेरा, एकाचा तर नुसता ओव्हरकोट. जबलपूरच्या थंडीत तो घालण्याजोगे दिवस जेमतेम आठ, पण गडी दिवाळीपासून होळीपर्यंत घालायचा. ओगलेकाकांनी मात्र जर्मनीहून काही म्हणजे काही आणलं नव्हतं. विचारलं तर शांतपणे म्हणायचे, "कॅनव्हास शिवायला गेलो होतो, शिवून आलो."

हे अर्धंच खरं होतं. चिनी लढाईनंतर आमच्याकडे सैन्याच्या ट्रकचं काम वाढलं, तेव्हा ट्रकवरची तिरपालं कशी बेतायची आणि शिवायची हे शिकायला कारखान्याने त्यांना उत्तर जर्मनीतल्या एका गावी सहा महिने पाठवलं. जुलैत तिकडचा कारखाना तीन आठवडे चक्क कुलूप लावून बंद होतो. बरोबरची मंडळी पॅरिस बघायला गेली. ओगलेकाकांना शिकवणारा उस्ताद फावल्या वेळात शिडं दुरुस्त करायचा, त्याच्याकडे एक म्हातारा दाताचा डॉक्टर आपलं फाटलेलं शीड घेऊन आला. ओगलेकाकांचे टाके बघून डॉक्टरने विचारलं, सुट्टीत काय करणार? काका म्हणाले, काही नाही. डॉक्टरची स्वतःची शिडाची नौका होती आणि दोरखंड धरायला एक माणूस हवा होता. अशा रीतीने ज्याने नर्मदेपलीकडे पाणी पाहिलं नव्हतं तो आमचा माणूस एकोणीस दिवस बाल्टिक समुद्रात या बंदरातून त्या बंदरात हिंडून आला. कील, बॉर्नहोम, कालमार, विस्बी, ही नावं ते कटनी, सिहोरा, नरसिंहपूर म्हणावं तशी म्हणायचे.

मी आस्थापना विभागात कारकून. नाव देशकर. काकांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. माझी-त्यांची ओळख झाली ती सायकलवर. जूनची दुपार, पश्चिमेकडून लूचा तापलेला वारा वाहत होता, पहिली पाळी सुटली होती. सगळे माना खाली घालून पायडल मारताहेत आणि हा एक उंच, वाळका माणूस रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरका जातो, मग वळतो, परत तिरका. मला वाटलं ऊन लागलं. जवळ जाऊन विचारलं, "काका, तब्येत बरी आहे ना?"

"वारा तोंडावर आहे," ते म्हणाले. "तोंडावरच्या वाऱ्यात सरळ जायचं नसतं. तिरकं जायचं."

"पण ही सायकल आहे."

"म्हणून तर जाऊन राहिलो. बोट असती तर आधीच पोहोचलो असतो."

मागून आलेल्या ट्रकवाल्याने त्यांच्या मातोश्रींचा उल्लेख केला. काकांनी ऐकलंच नाही. ते माझ्यानंतर बारा मिनिटांनी घरी पोहोचले हे मी मुद्दाम चौकात थांबून पाहिलं, पण त्यांच्या मते पाय कमी दुखले होते.

आता असा माणूस कुठल्याही वस्तीत चेष्टेचा विषय होणारच. त्यात काकू लवकर गेल्या, मूलबाळ नाही, क्वार्टरमध्ये एकटा जीव. मराठी मंडळाने एकदा त्यांचं 'माझा परदेश प्रवास' असं भाषण ठेवलं. हॉल भरलेला, बायका मुलांना नटवून घेऊन आलेल्या. लोकांना बर्लिन ऐकायचं होतं, तिकडची दुकानं, तिकडचे रस्ते. काकांनी दोर कसा गुंडाळतात इथून सुरुवात केली. बाल्टिकला भरती-ओहोटी जवळजवळ नसते, हे त्यांनी इतक्या भक्तीने सांगितलं की मला ती समुद्राची मोठी पुण्याईच वाटली. पाणी इतकं कमी खारट की डॉक्टर त्यातच बटाटे उकडायचा, वरून मीठ लागायचं नाही. मग त्यांनी एक प्रसंग सांगितला. एका बंदरात शिरताना डॉक्टरने त्यांच्या हातात दोर दिला, 'मी सांगेपर्यंत धर' म्हणाला, खाली गेला आणि विसरला. काकांनी दोर दोन तास धरला. तोवर नौका धक्क्याला दुसऱ्या दोराने बांधूनसुद्धा झाली होती.

"सोडला का नाहीत?" पहिल्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

"त्यांनी सांगितलं नव्हतं," काका म्हणाले.

हॉल खूप हसला. काका हसण्याचं कारण न कळून थोडे थांबले, मग म्हणाले, "दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे सुकाणू दिलं." हे वाक्य ऐकायला निम्मा हॉल उरला नव्हता. शेवटी सतरंज्या गुंडाळणारा भैया, मी आणि ते असे तिघे राहिलो. घरी जाताना ते मला म्हणाले, "देशकर, मी खोटं सांगून राहिलो असं वाटलं का हो लोकांना?" मी म्हटलं, नाही काका, खरं वाटलं म्हणूनच उठले. ते बराच वेळ त्यावर विचार करत होते. आज मला त्या वाक्याची लाज वाटते.

कामात मात्र त्यांची चेष्टा करायची कुणाची छाती नव्हती. पाकिस्तानशी पहिली मोठी लढाई लागली तेव्हा कारखाना बारा-बारा तासांच्या पाळ्यांवर गेला. तिरपालांचे ढीग. गोहलपूरचे शिलाई कारागीर हाताखाली, त्यांत शकूरभाई सगळ्यात जुना. काकांनी एक पूर्ण गठ्ठा उसवायला लावला, कारण दुमड उलटी होती. वरून आलेलं पाणी शिवणीवरून घसरून जाण्याऐवजी शिवणीत थांबलं असतं.

शकूरभाई वैतागला. "ओगलेजी, ये ट्रक है. जहाज नहीं है."

"अच्छा," काका म्हणाले. "तो बारिश को बता के आओ."

शकूरभाईने उसवलं, सगळ्यांनी उसवलं. पुढे शकूरभाई नव्या पोरांना हीच गोष्ट स्वतःची म्हणून सांगायचा, आणि काका शेजारी उभे असले तरी त्याला अडवायचे नाहीत.

या माणसाला जगात एकच सोबत होती, ती म्हणजे डॉक्टरचं पत्र. दर फेब्रुवारीत यायचं. सोप्या इंग्रजीत दोन पानं: या उन्हाळ्यात कुठल्या कुठल्या बंदरांना जायचा विचार आहे, कुठे किती दिवस, आणि शेवटची ओळ ठरलेली, नौकेतला पुढचा बिछाना तुझा आहे. जाणं शक्य नव्हतं हे दोघांनाही ठाऊक होतं. पण काका त्या बंदरांबद्दल प्रश्न लिहून पाठवायचे, अमक्या धक्क्यावरची म्हातारी अजून मासे धुरवते का, तमक्या दीपस्तंभाला रंग दिला का. सप्टेंबरात डॉक्टर आपल्या सफरीच्या नोंदवहीची नक्कल पाठवायचा. आणि बदल्यात, हे मला फार उशिरा कळलं, काका त्याला आपली नोंदवही पाठवायचे. नौकेवर दर चार तासांनी वारा, आकाश, पहारा लिहून ठेवायची पद्धत असते. ती सवय त्यांनी क्वार्टरमध्ये चालू ठेवली होती. छपरावर बांबूला लाल कापडाची पट्टी बांधलेली, वारा कळायला. वही मराठीत, वर्षाचा गोषवारा इंग्रजीत.

बांगलादेशच्या लढाईपर्यंत त्या पट्टीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मग दिवे बंदचे हुकूम सुटले, काचांना काळे कागद लागले, आणि शेजारच्या क्वार्टरमधल्या एका सावध गृहस्थांनी सुरक्षा विभागाला पत्राने कळवलं की हे विधुर महाशय रोज छपरावर चढून आकाश बघतात, लाल निशाण लावतात, वहीत काहीतरी लिहितात आणि यांना जर्मनीहून पत्रं येतात. खरं सांगायचं तर ते तक्रारीचं पत्र मी उघडलं असतं तर मलाही घाम फुटला असता.

सुरक्षा अधिकारी चौहानसाहेब. माणूस भला, फौजेतून आलेला. त्यांच्या टेबलावर वह्या पडलेल्या, समोर ओगलेकाका उभे. बसा म्हटलं तरी उभे. साहेबांना मराठी येत नव्हतं, म्हणून मला बोलावलं.

"देशकर, पढ़िए. जो लिखा है वही बताइए, कुछ छोड़िएगा मत."

मी एक वही उघडली. तेवीस अंश उत्तर, सकाळचे सहा. वारा ईशान्य, हलका. आकाश स्वच्छ, समोरची टेकडी स्पष्ट. दिवे बंद, संध्याकाळी सात ते पहाटे पाच.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "पहाड़ी साफ. बत्ती बंद, सात से पाँच. ओगलेजी, आप समझ रहे हैं ये क्या है?"

"नोंद आहे साहेब," काका म्हणाले. "लॉग है."

"किसका लॉग?"

"मेरे घर का."

"आगे पढ़िए."

मी वाचत गेलो आणि हिंदीत सांगत गेलो. पहाऱ्यावर: मी. विश्रांतीवर: कुणी नाही. रविवार, वारा नाही. दिवसभरात कुणाशी बोलणं झालं नाही. सोमवार, शकूरला म्हटलं, दोरा संपला. मंगळवार, देशकर गेटवर दिसले, घाईत होते. बुधवार, ताप. पहारा चुकला, दुपारच्या दोन नोंदी नाहीत. गुरुवार, ताप उतरला. पहाऱ्यावर: मी.

पानं उलटत होतो आणि सगळीकडे तेच. साहेबांच्या टेबलाशी बसलेला हवालदार खिडकीबाहेर बघू लागला. काका मात्र मान सरळ ठेवून ऐकत होते आणि एके ठिकाणी त्यांनी मला दुरुस्त केलं, "ईशान्य म्हणजे उत्तर-पूर्व, देशकर. तुम्ही दक्षिण सांगितलं." एखाद्या माणसाचं एकटेपण मी दोन माणसांसमोर मोठ्याने वाचत होतो आणि तो माणूस माझं भाषांतर तपासत होता.

चौहानसाहेबांनी हात वर करून मला थांबवलं. मग ते अगदी हळू म्हणाले, "ओगलेजी, मुझे मालूम है आप क्या हैं. लेकिन लड़ाई चल रही है. कुछ दिन ये सब बंद रखिए. न लिखिए, न ऊपर चढ़िए, न चिट्ठी. बस कुछ दिन." आणि माझ्याकडे वळून, "एक ऑर्डर बना दीजिए, ताकि फाइल में रहे और कोई इनको तंग न करे."

ऑर्डर मी बनवली. साहेबांनी 'कुछ दिन' म्हटलं होतं. पण 'काही दिवस' असं सरकारी कागदावर कुणी लिहीत नाही. मी आपल्या हाताच्या सवयीने लिहिलं, परदेशाशी पत्रव्यवहार, पाठवणे तसेच स्वीकारणे, पुढील आदेशापर्यंत बंद ठेवावा. साहेबांनी न वाचता सही केली. काकांनी पूर्ण वाचून पोच दिली.

लढाई दोन आठवड्यांत संपली. मिठाई वाटली गेली. पुढच्या वर्षी चौहानसाहेबांची बदली झाली, मी पेन्शन विभागात गेलो. काकांच्या छपरावरची पट्टी गेली ती गेलीच. रस्त्यात दिसले तर मी सायकलचा वेग वाढवायचो. त्यांना माझा राग आला असेल असं मी स्वतःला सांगायचो, पण खरं म्हणजे त्यांच्या वहीत माझंही नाव होतं, घाईत होते म्हणून, आणि ते मला विसरता येत नव्हतं.

असं करता करता साडेतीन वर्षं गेली. ते निवृत्तीला आले आणि पेन्शनचे कागद माझ्याच टेबलावर आले. दोन सह्या राहिल्या होत्या, शिपायाला पाठवता आलं असतं. पण एका रविवारी सकाळी मी स्वतःच गेलो, म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते.

राग वगैरे काही नव्हता. त्यांना खरंच आनंद झाला, माझ्यासाठी पोहे टाकले. खोली बोटीतल्यासारखी नीटनेटकी, एकही वस्तू लोंबकळत नाही. सह्या झाल्या. फळीवर इस्त्रीखाली चार पाकिटं दाबून ठेवलेली दिसली. परदेशी तिकिटं. मी सहज म्हटलं, "वा, डॉक्टरसाहेबांची पत्रं येताहेत म्हणायची."

"येत होती. यंदा आलं नाही."

"काय म्हणतात?"

"ते कसं सांगू मी? उघडली नाहीत."

मी पाकिटं हातात घेतली. चारही बंद. कडा पिवळ्या पडायला लागल्या होत्या.

"काका, हे काय? उघडली का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे थोडं आश्चर्याने पाहिलं. "आदेश आहे ना. स्वीकारणे बंद. पोस्टमनला परत न्या म्हटलं तर तो ऐकेना, म्हणून ठेवून घेतली. पण उघडली नाहीत, म्हणजे स्वीकारली नाहीत."

"अहो, लढाई संपून साडेतीन वर्षं झाली."

"आदेशात लढाईचं नाव नव्हतं, देशकर. पुढील आदेशापर्यंत असं होतं. मी वाट पाहून राहिलो. मला वाटलं, तुम्ही सांगाल."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. ते हे तक्रारीच्या सुरात म्हणत नव्हते हे सगळ्यात वाईट. मी म्हटलं, एकदा येऊन विचारायचं तरी. ते म्हणाले, एकदा आलो होतो, तुमची जागा बदलली होती, तिथल्या नव्या मुलाला काही माहीत नव्हतं. आणि मग, "तुम्ही रस्त्यात भेटायचे, पण घाईत असायचे."

सोमवारी दहाच्या ठोक्याला मी सुरक्षा विभागात होतो. नवे साहेब फाइल बघून हसले, "अरे, ये अभी तक चल रहा था?" आणि पाच मिनिटांत सही करून मोकळे झाले. त्या पाच मिनिटांसाठी साडेतीन वर्षं गेली होती. मी दुपारची रजा टाकली आणि आदेश घेऊन निघालो.

काकांनी तो उभ्याने वाचला, क्रमांक पाहिला, सही पाहिली, मला म्हणाले, "बसा." स्वयंपाकघरातली सुरी पुसून आणली आणि शिक्क्यांवरच्या तारखांप्रमाणे पाकिटं लावली. मी उठू लागलो तर म्हणाले, "नाही, तुम्ही थांबा." पत्रं वाचून झाल्यावर एकेक माझ्याकडे सरकवत गेले, म्हणून मला मजकूर माहीत आहे. पहिलं नेहमीचं. बंदरांची यादी आणि पुढचा बिछाना तुझा आहे. दुसरं त्याच वर्षीच्या शरदातलं: तुझ्याकडून काही नाही, तुमच्याकडे लढाई झाली असं वाचलं, तू बरा असशील ना. तिसऱ्यात यादी लहान, दोनच बंदरं. डोळे अधू झालेत, एक ओळ तरी लिही. चौथं चार ओळींचं. त्याने लिहिलं होतं की आता माझ्या ध्यानात आलं, म्हाताऱ्याच्या बोटीच्या गोष्टींचा माणसाला कंटाळा येऊ शकतो, आणि तू ते सभ्यपणाने कळवलंस. मी तुला दोष देत नाही. यापुढे त्रास देणार नाही. खाली सही.

काकांनी ते दोनदा वाचलं. मी म्हटलं, "काका, चूक माझी आहे. ते शब्द मी घातले होते. साहेबांनी फक्त काही दिवस म्हटलं होतं."

"हो, मी तिथेच होतो," ते म्हणाले. "तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही नियमाने टाइप केलं, मी नियमाने पाळलं."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी आयुष्यभर त्यांचे आभार मानले असते. पण त्यांनी टेबल साफ केलं, कागद काढला, पेनात शाई भरली. वर तारीख लिहिली, प्रिय डॉक्टर असं लिहिलं आणि थांबले.

"तुम्ही इतकी पत्रं लिहिता ऑफिसची," ते म्हणाले. "मी साडेतीन वर्षं काहून बोललो नाही, ते इंग्रजीत एका ओळीत कसं सांगायचं, सांगा बरं. त्याचे डोळे अधू झालेत. लांब लिहून चालणार नाही."

मी विचार केला. वीस वर्षांत हजारो मसुदे हातावेगळे केले होते. आदेश, पुढील आदेश, पोच, सगळं डोक्यात येऊन गेलं, आणि मनात वाक्य जुळवून पाहिलं की ते डॉक्टरच्या बाजूने वाचायचो, आणि दर वेळी ते सबबीसारखं वाटायचं. मी म्हटलं, उद्या विचार करून येतो. ते म्हणाले, "या. सावकाश या."

बाहेर येऊन मी सायकल काढली. खिडकी उघडी होती. ते तसेच बसलेले होते, पाठ ताठ, पेन कागदापासून बोटभर वर धरलेलं, आणि दुसऱ्या हाताने वाऱ्याने उडू नये म्हणून कागदाचा कोपरा दाबलेला. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही, कारण ती ओळ मला सुचली नव्हती. महिनाअखेरीस त्यांनी क्वार्टर सोडलं आणि ते अकोल्याला पुतण्याकडे गेले. पत्र गेलं की नाही, मी कधी विचारलं नाही.